दोनशे दहा लिटर शेवटची धार

एक डिसेंबरला ओब्रादच्या अंगणात पुढील सामान होतं: ओतीव लोखंडाचे रेडिएटर सात, त्यांच्या पाकळ्या मिळून चौऱ्याण्णव, एक इंची काळा पाइप अठ्ठ्याऐंशी मीटर, एल्बो एकोणचाळीस, लाकडावर चालणारा बॉयलर एक, दाराची कडी तुटलेली, झाकणाची पत्र्याची टाकी एक, सांध्यांना गुंडाळायचा ताग अर्धा किलो, आणि पितळेची एक वस्तू, जिचा उपयोग ओब्रादला माहीत नव्हता, पण जी टाकून द्यायलाही मन धजत नव्हतं. घरात खोल्या पाच, चूल एक, बायको एक. बाहेर उणे नऊ. उत्तरेच्या खोलीत सहा अंश.

रेडिएटर शाळेचे. यासिकोवा गावात मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली, आणि तिथे एकतीस वर्षं पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवलेल्या ओब्रादने पेन्शनीबरोबर रेडिएटरही घरी आणले. तीन वर्षं ते कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभे होते. कोंबड्या त्यांच्यावर बसत. पण त्यांना तिथून हलवलं ते बायकोच्या, दोब्रिलाच्या, एका वाक्याने.

"तिकीट काढलंय," ती म्हणाली होती. "स्लावाच्या दुसऱ्या दिवशीचं. सकाळची सहा चाळीसची बस."

"कुठे?"

"बारला. झागोर्काकडे. तिच्या गच्चीत डिसेंबरात लिंबं लागतात, ओब्राद. आणि इथे माझ्या मागावर बर्फ लागतो. मी मे महिन्यात येईन."

स्लावा म्हणजे घराच्या संताचा दिवस, एकोणीस डिसेंबर. झागोर्का म्हणजे दोब्रिलाची बहीण, राहायला समुद्रकाठच्या बार गावात. आणि माग उत्तरेच्या खोलीत होता, कारण तो दुसऱ्या कुठल्याच खोलीत मावत नव्हता. दोब्रिला गालिचे विणायची. पण नोव्हेंबर लागला की तिची बोटं सुताला नाही म्हणायची, आणि एप्रिल उजाडेपर्यंत माग गप्प.

"लग्नात काय म्हणाला होतास? पुढच्या हिवाळ्यात घरभर ऊब."

"कुठला पुढचा ते नव्हतो म्हणालो."

"तेहेतीस झाले. म्हणून आता मीच सांगते कुठला. हा. उत्तरेच्या खोलीत वीस अंश, हातमोज्यांशिवाय. स्लावाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत. एकोणीस नको आणि तुझं ते 'जवळजवळ' तर मुळीच नको. झालं तर तिकीट चुलीत घालीन."

ओब्रादला हा विनोद वाटला नाही. मागे दोब्रिला मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, तेव्हा सतरा दिवसांत त्याने एकशे दोन अंडी खाल्ली होती. हा आकडा त्याच्या वहीत आहे. आणि बारची गोष्ट सतरा दिवसांची नव्हती, पाच महिन्यांची होती. पण खरं सांगायचं तर अंडी हा दुय्यम मुद्दा होता. दहाव्या दिवसापासून तो कोंबड्यांशी बोलायला लागला होता, आणि तेराव्या दिवशी एका कोंबडीशी त्याचं भांडण झालं होतं.

शहरातल्या मिस्त्रीला बोलावलं तर तो येऊन कॉफी प्यायला आणि "मार्चमध्ये बघू" म्हणून गेला. तेव्हा ओब्रादने बाह्या सरसावल्या. "पाणी तापलं की वर जातं, थंड झालं की खाली येतं. एकतीस वर्षं शिकवलंय मी हे."

"शिकवलंयस," दोब्रिला म्हणाली. "करून नाही दाखवलंस."

त्याने करायला घेतलं. इथे वीज दर वादळात जाते, म्हणून पंप नको. पाणी आपल्या आपण फिरलं पाहिजे. त्यासाठी पाइपांना उतार लागतो: दर दोन मीटरला एक सेंटीमीटर. ओब्रादने तो सगळीकडे दिला, जिथे लागत नव्हता तिथेही दिला. सगळ्यात उंचावर, माळ्यावर, टाकी. पाणी तापून फुगलं की ते टाकीत चढायचं, आणि टाकीच्या माथ्यावरून सहा मीटरचा पाइप थंडगार माळ्यावरून वळचणीपर्यंत जायचा, म्हणजे जास्तीचं जे काही असेल ते अंगणात पडेल. त्या पाइपालाही उतार. दर दोन मीटरला एक सेंटीमीटर.

काम चाललं असताना अख्खं गाव सल्ला द्यायला येऊन गेलं. आलेल्याला कॉफी आणि राकियाचा, म्हणजे घरगुती दारूचा, पेला द्यावाच लागतो, त्यामुळे सल्ले दुपारनंतर जास्त ठाम होत. एकाने बॉयलर उलटा बसवलाय असं सांगितलं, तर दुसऱ्याने घरच उलटं बांधलंय असं. सोळा तारखेला शेवटचा सांधा आवळून झाला, आणि भरायचं काय हा प्रश्न आला.

"पाणी?" विदोसाव म्हणाला. "उणे सतरा सांगितलंय. एक दिवस आग विझली तर ह्या चौऱ्याण्णव पाकळ्या फुटाण्यासारख्या फुटतील, मास्तर."

विदोसाव हा ओब्रादचा कूम. लग्नात साक्षीला उभा राहतो तो कूम, आणि त्याचं नातं सख्ख्या भावापेक्षा एक बोट वर असतं. गावातली एकुलती दारूची भट्टी त्याची. राकियाची ताकद मोजायचा तरंगता काचेचा काटा तो, लोक चष्मा बाळगतात तसा, कोटाच्या खिशात बाळगायचा.

"मग काय भरू?"

"डोंगरावरचे बंगलेवाले काय भरतात? शेवटची धार."

प्लमची राकिया गाळताना पहिल्या धारेची जपून ठेवतात, मधली पितात, आणि शेवटची धार, पातळ, आंबूस, ओल्या कुत्र्याच्या वासाची, ती कुणी पाहुण्यालाही देत नाही. पण ती ओतून टाकणंही सगळ्यांच्या जिवावर येतं. त्या वर्षी प्लम मुबलक झाले होते. विदोसावने अकरा घरांतले कॅन गोळा केले: दोनशे दहा लिटर, ताकद पंचवीस.

ओब्रादने जुनं कोष्टक काढलं. पंचवीस टक्के दारू उणे अकराला गोठते. तीही एकदम घट्ट होत नाही, आधी बर्फाचा चिखल होतो, आणि चिखलाने लोखंड फुटत नाही. त्याने आकडा वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. कोष्टकाच्या पुढच्या पानावर दुसरा आकडा होता, पण ते पान कॉफीने चिकटलं होतं, आणि त्याला तेव्हा त्याची गरज वाटली नाही.

सतराला पहिली आग. बॉयलरवरचा काटा चाळीस, पन्नास, साठ. स्वयंपाकघरातला रेडिएटर गरम, मग दालनातला, मग न्हाणीघरातला. शेवटी उत्तरेच्या खोलीतला. ओब्रादने त्याला हात लावला आणि तो कितीतरी वेळ काढलाच नाही.

"रडतोयस काय?" दोब्रिलाने विचारलं.

"धूर."

"धूर बॉयलरच्या खोलीत आहे."

"तिथून आलोय."

संध्याकाळी उत्तरेच्या खोलीत चौदा अंश. दोब्रिला मागाच्या फळीवर बसून बघून आली, पण हातमोजे काढले नव्हते. बाहेर उणे सतरा. हिशेब सरळ होता: वीस हवेत तर रेडिएटर आणखी तापले पाहिजेत. अठराच्या सकाळी ओब्रादने बीचची वाळलेली लाकडं घातली. काटा सत्तर, ऐंशी. त्र्याऐंशीला येऊन थांबला. आणखी लाकडं घातली. त्र्याऐंशी. आणखी. त्र्याऐंशी.

मग घराच्या पोटात गुडगुडलं. आधी भिंतीत, मग छतात, मग एखाद्या म्हाताऱ्याने शेंगांचं पोटभर जेवून ढेकर द्यावा तसा दालनातल्या पाइपातून आवाज आला. आणि उत्तरेच्या खोलीतला रेडिएटर थंड पडायला लागला. दुपारी तिथे अकरा अंश होते. लाकूड दुप्पट जळत होतं आणि खोली गार होत होती. एकतीस वर्षांत त्याने असा प्रयोग वर्गात दाखवला असता तर मुलांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

"मास्तर!" अंगणातून विदोसाव ओरडला. "बाहेर ये!"

तो वळचणीखाली मान वर करून उभा होता. वरच्या पाइपातून थेंब पडत होते, एकापाठोपाठ एक, बारीक धारच. बर्फात त्यांनी बोटभर भोक पाडलं होतं.

"टाकी गळतेय," ओब्राद म्हणाला.

"उणे सतरा आहे मास्तर. माझ्या मिशा गोठल्यात. हे का गोठत नाही?"

उत्तर ओब्रादला त्याच क्षणी कळलं होतं आणि ते तोंडाबाहेर काढायची लाज वाटत होती. विदोसावने बोट थेंबाखाली धरलं, चाटलं, डोळे मिटले. मग खिशातून काचेचा काटा काढला आणि दोब्रिलाकडून एक उंच भांडं मागून घेतलं. भांडं भरलं. काटा तरंगला.

"अडुसष्ट," तो हलक्या आवाजात म्हणाला, चर्चमध्ये बोलतात तसा. "कूम, तू भट्टी बांधलीयस. माझ्यापेक्षा चांगली."

ओब्राद आत गेला आणि कोष्टकाचं चिकटलेलं पान वाफेवर धरून सोडवलं. पंचवीस टक्के दारू, त्यांच्या उंचीवर, त्र्याऐंशी अंशांना उकळते. आधी दारूची वाफ निघते, पाण्याची नंतर. ती वर टाकीत जाते, थंड पाइपात पुन्हा दारू होते, आणि उतार दिलेला असल्यामुळे वळचणीतून नीट बाहेर पडते. सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च. उरलेली वाफ पाइपांच्या उंच कोपऱ्यांत अडकून बसते आणि शेवटच्या खोलीची वाट अडवते. हा आठवीचा धडा होता. प्रश्न क्रमांक चार.

स्वयंपाकघरात तिघं बसली. स्लावाला एक दिवस. त्याला कुणाला बोलवायचं नसतं आणि सगळे येतात. मासे भिजत पडले होते, घेवड्याच्या दाण्यांचं पातेलं चुलीवर होतं, गव्हाचा गोड प्रसाद निवत होता. दाराशी दोब्रिलाची बॅग होती.

"त्र्याऐंशीखाली ठेवलं तर खोलीत चौदा," ओब्राद म्हणाला. "वर नेलं तर अकरा. सगळं सोडून द्यायचं, पाणी भरायचं."

"सोडून द्यायचं कुठे?" विदोसावने विचारलं.

"गटारात."

विदोसाव उभा राहिला. "तुझ्या लग्नाला मी साक्षीला उभा होतो. ह्या पापाला उभा राहणार नाही."

"मग काय करू? रिकामं करून भरेपर्यंत घर गोठेल, उद्या पन्नास माणसं..."

"तू माशाच्या रश्श्यात वाइन घालतोस तेव्हा काय करतोस?" दोब्रिलाने विचारलं. ती चाकूला धार लावत होती.

"मी कधी घातलीय?"

"तेच. मी घालते. आणि उकळत ठेवते. वाइनचा वास उडून जातो, रस्सा राहतो." तिने चाकू अंगठ्यावर तपासला. "जाऊ दे की उडून. जेवढी खाली पडेल तेवढं पाणी वर टाकीत ओता. दारू संपली की काय उरेल?"

बॉयलरमध्ये काहीतरी ढेकर दिल्यासारखं वाजलं.

"पाणी," ओब्राद म्हणाला.

"मास्तर आहेस ना तू?"

"पण मग गोठण्याची भीती. आग विझता कामा नये. रोज पहाटे चारला उठून लाकडं घालावी लागतील."

"उठशील की," दोब्रिला म्हणाली. "नाहीतर कोंबड्या आहेतच बोलायला."

एकोणीसला सकाळी नऊला आग पेटवली. दहाला पाहुणे यायला लागले. "स्लावा सुखाचा जावो, घरधनी!" म्हणत दारातून आत यायचे, तीन वेळा गालाला गाल लावायचे, चमचाभर गहू खायचे, आणि मग नाक वर करून विचारायचे, "हा वास कसला?"

दोब्रिलाने नियम चार शब्दांत घातला. "बाटली खाली, बाटली वर." म्हणजे वळचणीखाली ज्याने जेवढी भरून घेतली त्याने तेवढंच पाणी विहिरीवरून आणून, शिडी चढून, माळ्यावरच्या टाकीत ओतायचं. आणि वळचणीपासून पंधरा पावलांत सिगारेट दिसली तर तिचा मालक पुढच्या स्लावापर्यंत ह्या घरात दिसणार नाही. ह्या नियमाने जेवढे हाल झाले तेवढे थंडीने नाही झाले. बागेच्या टोकाला, बरोबर सोळाव्या पावलावर, बारा पुरुष बर्फात ओळीने उभे राहून धूर सोडत होते आणि धारेकडे, कुंपणापलीकडच्या मेजवानीकडे बघावं तसं बघत होते.

विदोसाव स्टूल टाकून धारेखाली बसला होता. दर वेळी काटा टाकायचा आणि आकडा ओरडायचा. आत ओब्राद बॉयलरचा आकडा वाचायचा. "पासष्ट!" "चौऱ्याऐंशी!" "साठ!" "शहाऐंशी!" ओब्रादने दालनातल्या भिंतीच्या कागदावर पेन्सिलीने आलेख काढायला घेतला. दारूची रेघ उतरत होती, तापमानाची चढत होती. आलेख कळत नसलेलेही त्याच्यासमोर पेला घेऊन उभे राहिले आणि मान हलवायला लागले.

"चव कशी आहे?" कुणीतरी विचारलं.

"ओला कुत्रा गेला," विदोसाव म्हणाला. "किंचित शाळा येते."

"गंज वर येत नाही," ओब्राद आतून ओरडला. "वाफ होताना गंज मागे राहतो!"

"गंज नव्हे मास्तर. गृहपाठ."

पादरी गाव्रिलो बाराला आला, प्रसादाचा पाव कापला, मेणबत्तीपुढे प्रार्थना म्हटली. मग बाटली भरून घेतली आणि लांब झगा कमरेला खोचून स्वतः शिडी चढला, कारण नियम म्हणजे नियम. वरून त्याचा आवाज आला, "ओब्राद, हे पाणी साधं आहे की आशीर्वाद देऊ?"

"दिल्याने उकळबिंदू बदलतो का, पिताजी?"

"माझ्या अनुभवात नाही."

"मग द्या."

दुपारी दोनला खरा घोटाळा झाला. उत्तरेच्या खोलीतल्या तापमापकाने एकदम अठरा दाखवले. ओब्राद धावत गेला तर खोलीत अकरा माणसं, सगळी तापमापकासमोर, सगळी त्याच्यावर श्वास सोडत.

"बाहेर!" तो ओरडला. "एक माणूस म्हणजे शंभर वॅट! तुम्ही सगळे मिळून एक मोठी शेगडी आहात!"

"म्हणजे मदतच की!"

"मला तुमची खोली मोजायची नाही, माझी मोजायचीय!"

"मास्तर, वीस पाहिजेत ना? अजून पाच जण बोलावतो, वीस झालेच म्हणून समज."

शेवटच्या पाचांची खरंच गरज होती का, हा हिशेब ओब्रादच्या डोक्यात आपोआप व्हायला लागला होता. संध्याकाळपर्यंत ते सगळे इथे बसले असते. दोब्रिलाला कळलंही नसतं. बॅग दाराशीच होती.

"बाहेर," तो पुन्हा म्हणाला, ह्या वेळी हळू. "तुम्ही रात्री घरी जाल. ती मात्र इथे बसणार आहे."

ती दारात उभी होती, हातात माशांची परात. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने परात ओब्रादच्या हातात दिली, अकराच्या अकरा माणसांना कोकरांसारखं हाकलून बाहेर काढलं, खिडकी उघडून बाहेरची हवा आत घेतली आणि पुन्हा बंद केली.

"तेरा," तिने तापमापक वाचला. "आता खरं मोज."

तीन वाजता वळचणीची धार चाळिसावर आली आणि रांग पातळ झाली. साडेतीनला तीस. रांगेतले उरलेले कुरकुरायला लागले. "हे तर आम्ही तुम्हाला दिलं होतं तसंच झालं," कॅन दिलेल्यांपैकी एकाने तक्रार केली. विदोसावने स्टूल सोडलं नाही. पाचला त्याने काटा टाकला तेव्हा तो पार वर उचलला गेला. "अकरा," तो म्हणाला, आणि टोपी काढली.

गोळा झाली एकूण एक्क्याऐंशी लिटर. वर ओतलेलं पाणीही एक्क्याऐंशी, कारण दोब्रिला शिडीपाशी मोजत होती. फक्त एकाने अर्ध्या वाटेवर पाण्याऐवजी चुकून बाटली बदलून राकियाच परत वर ओतली होती आणि त्याला दोनदा चढायला लावलं होतं.

बॉयलर त्र्याण्णव. गुडगुड थांबली. ओब्रादने एकेका रेडिएटरची हवा किल्लीने सोडली. प्रत्येकाने एक लांब सुस्कारा टाकला आणि मग पाणी थुंकलं. शेवटचा उत्तरेच्या खोलीतला. तो त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला, आणि मग उठून बाहेर आला, कारण तोही शंभर वॅट होता. दार लावलं. दाराबाहेर पाहुणे उभे. सहाला दोब्रिला एकटी आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"साडेसतरा."

"चढतंय," ओब्राद म्हणाला. "तासाला सव्वा अंश. मला आठपर्यंत वेळ दे."

"संध्याकाळपर्यंत म्हटलं होतं मी."

"आठ म्हणजे संध्याकाळच."

"हिवाळ्यात? आठ म्हणजे रात्र."

"अग पाहुणे अजून जेवतायत," पादरी गाव्रिलो टेबलावरून म्हणाला, तोंडात मासा होता. "पाहुणे जेवतायत तोवर संध्याकाळ. हे मी सांगतो, आणि मी जेवतोय."

दोब्रिलाने त्याच्याकडे बघितलं, मग ओब्रादकडे. त्याच्या भुवईला काजळी लागली होती आणि शर्टाच्या खिशात वही, पेन्सिल आणि घेवड्याचा एक दाणा होता. ती स्वयंपाकघरात गेली आणि पादरीच्या ताटात आणखी दोन तुकडे वाढले.

वीस डिसेंबर, सकाळी सव्वासात. सहा चाळीसची बस जाऊन पस्तीस मिनिटं झाली होती. बाहेर उणे सोळा, बॉयलर एक्क्याण्णव, चारला घातलेली लाकडं अकरा. उत्तरेच्या खोलीत, दार बंद, आत माणूस एक, माग चालू: वीस पूर्णांक सहा.